वॉकरसरांचे पूर्वज आणि आमचे

सृष्टीच्या वर्गात त्या दिवशी पालकांनी आपापल्या आडनावाची गोष्ट सांगायची होती. सुरुवात वॉकरसरांनीच केली. त्यांचे पूर्वज लोकरीचं कापड पायांनी तुडवून घट्ट करत, म्हणून ते वॉकर. तेच काम करणारे आग्नेय इंग्लंडात फुलर, नैर्ऋत्येला टकर. वॉकर बहुतेक उत्तरेकडचे.

"आणि तुडवायचे कशात? शिळ्या मुतात!" सर हसले. मुलं किंचाळली.

अमोनियामुळे लोकरीतलं तेल सुटतं, हे केमिस्ट असलेल्या सृष्टीच्या आईला, सुचित्राला, ठाऊक होतं. असं काही हसत सांगता येतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

मग तिची पाळी आली. शेजारी सासरे बसले होते. अण्णा अबुधाबीला आल्यापासून घरातली सगळी इस्त्री त्यांनी आपणहून हाती घेतली होती. नोकरी लागल्यावर त्यांनीच परीट हे आडनाव बदलून गावावरून लिंबगावकर लावलं होतं. मागच्या रांगेत नवऱ्याच्या ऑफिसातल्या देशपांड्यांची बायको होती.

"लिंबगाव आमचं गाव," सुचित्रा म्हणाली. इथवर खरं होतं. "तिथली पाटीलकी आमच्याकडे होती."

सर कौतुकाने अण्णांकडे वळले. "यू वेअर द चीफ, सर?"

अण्णांनी एकदाच सुनेकडे पाहिलं. "हां जी. पाटील," ते म्हणाले आणि इस्त्रीने पोळलेलं मनगट बाहीत ओढून घेतलं. लहानपणी लिंबगावच्या खऱ्या पाटलांच्या मागच्या दाराशी ते मळके कपडे न्यायला उभे राहत.

परतताना सृष्टी गाडीत आजोबांना चिकटून बसली. "आजोबा, डिड यू हॅव अ हॉर्स?"

"होता की," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पांढरा."

गाडी चालवणाऱ्या सुचित्राचे कान तापले. तिचं खोटं आता म्हातारा एकटा ओढत होता.

"घोडा नव्हता," ती म्हणाली. "गाढव होतं. गावाचे कपडे नदीवर न्यायला. आपण परीट, सृष्टी."

"जाऊ दे गं," अण्णा पुटपुटले.

सृष्टी आईकडे वाकली. "बट मिस्टर वॉकर टोल्ड हिज. देन व्हाय डिड आजोबा हॅव टू लाय?"

सिग्नल सुटला होता. मागची गाडी हॉर्न देत होती. सुचित्राने आरशात पाहिलं. शेवटचा शब्द कळलाच नाही असा चेहरा करून अण्णा नातीच्या युनिफॉर्मची कॉलर हाताने सरळ करत होते.