शिक्क्यावरची ओळ

तुम्ही ते पत्रक न वाचताच त्यावर शिक्का मारलात. एवढं आधी कबूल करा, मग पुढचं ऐका.

छापखान्यात मजकूर टाइप करून पोट भरणारा एक माणूस. त्याचा कुत्रा ढब्बू, वय वर्षं नऊ. मूत्रपिंडाजवळच्या ज्या ग्रंथींनी जगण्यापुरतं हार्मोन बनवायचं, त्या ढब्बूच्या अंगात संपावर गेलेल्या. म्हणून रोज सकाळी एक गोळी. त्या दिवशी गोळी द्यायच्या आतच त्यानं दोनदा उलटी केली आणि फरशीवर अंग टाकून दिलं.

आता गोळी द्यायची की नाही? नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद. मोबाइलवर शोधलं तर एक म्हणे बंद करा, दुसरा म्हणे दुप्पट द्या, तिसरा स्वतःचंच चूर्ण विकत बसलेला.

"कुणाचं ऐकायचं ते एकदाचं ठरव बाबा," ताई म्हणाली. ही त्याची थोरली बहीण. कुत्रं घरात आणलं म्हणून महिनाभर अबोला धरलेली, आणि आता ढब्बूचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

"जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारून येतो. तिथं थापा तरी मारणार नाहीत."

दवाखान्यात खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर शिबिराला गेलेत. उद्या या."

"उद्यापर्यंत तो टिकायला नको का?"

"माझ्यावर कशाला डाफरता? त्या गोळीचं हे पत्रक घ्या. तज्ज्ञांनी लिहिलंय."

पाचवी ओळ: 'उलटी झाल्यास गोळी ताबडतोब बंद करावी.' खाली तुमचा गोल शिक्का. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग त्याची नजर कडेच्या ठिपक्यांच्या चौकटीवर गेली. ती त्यानंच छापखान्यात जुळवलेली, त्याची आवडती.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या पशुवैद्यकीय कार्यालयातून या पत्रकासाठी हातानं लिहिलेला कागद छापखान्यात आला होता. पाचव्या ओळीवर शाई फुटलेली. त्यानं तुमच्या कार्यालयात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "जुन्या पत्रकातलं काहीतरी घाला हो, उद्या वाटायचंय!" त्यानं जंताच्या औषधाच्या पत्रकातली ओळ उचलली. 'औषध' खोडून 'गोळी' केलं, तेवढीच त्याची विद्वत्ता. प्रूफ पाठवलं. तासाभरात परत आलं: 'ठीक', सही, शिक्का.

खिशात फोन वाजला. ताई.

"मिळालं का रे काही?"

"मिळालं."

"कुणी लिहिलंय?"

"मी."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही."

"मग गोळी देऊ का नको? हाक मारली तरी कान हलवत नाही रे हा."

"थांब जरा," म्हणून त्यानं फोन ठेवला. चूक त्याची आहेच, ती तो नाकारत नाही. पण पत्रकावर त्याचं नाव नाही, तुमचा शिक्का आहे. दवाखान्याच्या पायरीवर बसून तो पत्रकावरचा तुमचा नंबर फिरवतोय. घंटा वाजते, कुणी उचलत नाही. आत त्याच पत्रकांचा गठ्ठा अजून खिडकीत आहे, आणि घरी ढब्बूचा श्वास अजून चालू आहे.

फोन उचला. त्या शाईखाली काय लिहिलं होतं?