‘पाहू’ ऐकत बसलेला कॅमेरा

माझ्या काचेच्या पेटीत दमटपणा शोषणाऱ्या दाण्यांची एक डबी आहे. कोरडे असले की दाणे निळे दिसतात. आज त्यांतला एकही निळा नाही. सगळे फिकट गुलाबी झाले आहेत.

मित्रांनो, मी चेन्नईतल्या अण्णा नगरच्या प्रयोगशाळेतला जुना अवरक्त कॅमेरा. तुम्हाला ताऱ्यांचा उजेड दिसतो, मला त्यांची ऊब. धुळीच्या ढगाआड नुकते जन्मलेले तारेही मी पाहिले आहेत. पण हवेतली वाफ ती ऊब वाटेतच गिळते, म्हणून मला विमानातून वाफेच्या वर नेत. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ अंबुजाक्कांनी मला स्वतः जुळवलं. माझं पहिलं चित्र उमटलं तेव्हा सगळे माझं कौतुक करत होते आणि अक्का माझी काच पुसत होत्या.

पुढे विमान मिळेनासं झालं. अक्कांची विद्यार्थिनी संयुक्ता फुग्याखाली टांगायचा हलका कॅमेरा बांधू लागली. त्याला डोळा नव्हता. माझ्यातली ऊब टिपणारी चकती तिने मागितली. ती काढली की मी संपणार.

“पाहू, मा,” अक्का म्हणाल्या. तमिळमध्ये मुलीला लाडाने ‘मा’ म्हणतात.

मी कॅमेरा. ‘पाहू’ ऐकलं की मला वाटे, आज काहीतरी दाखवणार.

“तमिळमध्ये ‘पार्क्कलाम’, मराठीत ‘पाहू’,” संयुक्ता एकदा म्हणाली. “दोन्हींचा अर्थ ‘नाही’च ना, अक्का?”

“विमान मिळेल गं.”

“मग दाणे तरी बदलू?”

“पेटी उघडू तेव्हा बदलू.”

पेटी उघडलीच नाही. जिच्या वर जाण्यासाठी मी उडत होतो, ती वाफ समुद्रावरून येऊन माझ्यात शिरली. मित्रांनो, आवडती वस्तू नुसती कपाटात ठेवली म्हणजे जपली असं होत नाही.

आज संयुक्ताने माझी स्वतःची ऊब आड येऊ नये म्हणून मला गार करून तपासलं. पडद्यावर माझं अर्धं चित्र काळं होतं. अक्का त्या काळ्या भागाकडे बघत राहिल्या.

“माझा फुगा पुढच्या महिन्यात उडणार आहे, अक्का,” संयुक्ता हळूच म्हणाली.

अक्कांनी पदराने माझी काच पुसली. मी नेहमीच्या शब्दाची वाट पाहत होतो.

“काढून घे, मा,” त्या म्हणाल्या. “अर्धा तरी उडू दे.”