पाण्याकडची भिंत

आमची ही गेल्याचं कळलं तेव्हा मी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिडीवर होतो. पेशंट बसतात त्या खोलीच्या भिंती झाल्या होत्या, दारावरचा पट्टा तेवढा राहिला होता. फिकट लिंबाचा रंग. डॉक्टरांचं म्हणणं, हा रंग बघून पेशंटची भीती कमी होते. मी म्हणालो, भीती आतल्या खुर्चीवर बसल्यावर सुरू होते, तिथे कोणता द्यायचा ते सांगा. असं आमचं चाललं होतं, तेवढ्यात माझी मेहुणी आत आली. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "भाऊजी, आधी खाली या."

"एवढा पट्टा होऊ दे."

"आधी खाली या."

माझे दोन्ही पाय फरशीवर टेकेपर्यंत तिने सांगितलं नाही. हिला भाजीच्या दुकानात रांगेत उभं असताना चक्कर आली आणि ती पुन्हा उठली नाही. सकाळी मला डबा देताना ठणठणीत होती. वर मलाच म्हणाली होती, तब्येतीला जपा.

दवाखान्याचा पट्टा डॉक्टरांनी दुसऱ्या कोणाकडून करून घेतला. उरलेला लिंबाच्या रंगाचा डबा त्यांनी माझ्या घरी पोचवला. मी तो जिन्याखाली ठेवला. त्यानंतर सगळा हिवाळा मी शिडीला हात लावला नाही.

आमचं घर जुन्या शहरात आहे. नदीकडे पाठ करून घरांची एक ओळ उभी आहे, त्यातलं एक. पुढे गल्ली, मागे थेट पाणी. मागच्या बाजूला पाऊल ठेवायला जागा नाही आणि पलीकडच्या काठावर जुन्या गोदामांच्या उंच भिंती. त्यामुळे आमच्या घरांच्या पाठी दिसतात त्या फक्त होडीत बसलेल्या माणसाला. होडीत बसतात ते शहर बघायला आलेले पाहुणे. इथला माणूस होडीत बसत नाही. त्याला वाटतं, शहर आपलंच आहे, कुठे पळून जातंय.

मी रंगारी. या शहरातल्या निम्म्या घरांना माझा हात लागलेला आहे. आमच्या मागच्या भिंतीला मात्र रंग नव्हता. लग्न झालं त्या वर्षी मी गच्चीवरून दोरीने फळी सोडून तिला गिलावा केला होता, तेवढाच. ही अधूनमधून विचारायची, मागची भिंत कधी? मी म्हणायचो, ती कोण बघतंय, मासे? ही म्हणायची, माशांना काय डोळे नसतात? पुढे तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, पटलं असेल.

हिवाळा संपत आला तेव्हा नगरपालिकेचे एक साहेब घरी आले. तरुण, कपड्यांना कडक इस्त्री. म्हणाले, होडीतून येणाऱ्यांना आमच्या ओळीच्या पाठी एकसारख्या दिसायला हव्यात. सगळ्यांना वाळूचा रंग द्यायचा. काम तुम्ही घ्या.

मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं की पहिली भिंत आपली. हिने इतकी वर्षं मागितली, आता देऊन टाकू.

साहेब म्हणाले, "तुमचं घर सोडून बरं का."

"का? मी काय केलं?"

"तुमची मागची भिंत ऐतिहासिक आहे. तिला हात लावायचा नाही."

"साहेब, त्या भिंतीला गिलावा मी केलाय. तिच्यापेक्षा माझे गुडघे ऐतिहासिक आहेत."

"मी स्वतः होडीतून बघितली आहे."

"मग दुसऱ्याची बघितली असेल."

ते ऐकेनात, मीही ऐकेना. शेवटी मी सांगितलं की माझी भिंत कामात धरा, नाहीतर दुसरा रंगारी शोधा. ते म्हणाले, सोमवारपर्यंत विचार करा.

मेहुणी दोन गल्ल्या सोडून राहते. हिच्यापेक्षा धाकटी, पण मला ओरडायचं काम तिने पूर्ण ताब्यात घेतलं आहे. संध्याकाळी डबा घेऊन आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने ओठ दाबून ऐकलं.

"काम सोडणार तुम्ही?"

"सोडणार. रंगाऱ्याचं एकट्याचं घर बिनरंगाचं राहणार आणि मी शेजाऱ्यांच्या भिंती चोपडत बसू? आणि मी हिला काय सांगू?"

"भाऊजी, तुम्ही ती भिंत शेवटची कधी बघितली?"

"बघायची काय त्यात? भिंत आहे."

"न बघता साहेबांशी भांडलात तर हराल. उद्या होडीतून बघून या. मी येते बरोबर."

"लोक हसतील."

"हसायला लोक घरी पाहिजेत ना. दुपारी सगळे कामावर असतात."

दुसऱ्या दिवशी जेवण करून आम्ही धक्क्यावर गेलो. होडी लाकडी, लांबट, सपाट बुडाची, खालून डांबर लावलेली. पूर्वी यातून मीठ यायचं, आता माणसं येतात. नावाडी चांगलाच आडवा होता. हातात त्याच्या दुप्पट उंचीची काठी.

"या मामा, पुढे बसा," तो म्हणाला. "मागे वजन नको, मागे मी आहे."

मेहुणी म्हणाली, "मग मध्ये कोणी बसायचं? मध्येच मोडायची."

"ताई, ही होडी माझ्या आजोबांची आहे. ते माझ्यापेक्षा जाड होते."

आमच्याशिवाय एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं आणि गळ्यात दुर्बीण लटकवलेले एक आजोबा. आजोबा मला म्हणाले, "तुम्ही कुठून आलात?" मी म्हणालो, "इथूनच, दहा मिनिटांवरून." त्यांना ती थट्टा वाटली.

नावाडी काठी पाण्यात रोवायचा, तिच्यावर भार टाकून होडीच्या काठावरून मागे चालत यायचा, काठी उपसायचा आणि पुन्हा पुढे जायचा. आवाज काही नाही. मला ते काम आवडलं. घाई नाही, पण थांबणंही नाही. रंगाचा लांब हात मारतात तसं.

आधी किल्ल्याचा तट आला, मग बुरूज, मग जकातीचं जुनं घर, पाण्यात उतरलेल्या पायऱ्या. बुरुजावरचं घड्याळ मी रोज बघतो, पण ते पाण्यातून इतकं मोठं दिसेल असं वाटलं नव्हतं. पुलाखाली सगळ्यांनी माना खाली घातल्या. नव्या नवऱ्याने बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःचं डोकं आपटून घेतलं. बायको इतकी हसली की होडी हलली.

मग घरांच्या पाठी सुरू झाल्या. जन्मभर मी या घरांच्या पुढच्या बाजू रंगवल्या. पुढून आमचं शहर म्हणजे दाढी करून, केस विंचरून बसलेला नवरदेव. मागून बघितलं तर तोच नवरदेव भोकाच्या बनियनवर. पाइप गळतायत, चड्ड्या वाळतायत, वकीलसाहेबांच्या मागच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. पुढच्या दाराला त्यांनी माझ्याकडून तीन हात मारून घेतले होते. मला हसू आवरेना. मेहुणी म्हणाली, "बघा, हिवाळ्यानंतर आज दात दिसले."

वळण आलं तसा नावाड्याने काठी रोवून होडी थांबवली आणि आवाज बदलला.

"आता वर बघा मंडळी. ही रंगांची भिंत. तीनशे वर्षांपूर्वी इथे कापडाचा मोठा व्यापारी राहायचा. त्याच्याकडे जे जे रंग असतील ते तो भिंतीवर लावून ठेवायचा. गिऱ्हाईक होडीतूनच बोट दाखवायचं, हा हवा, तो हवा. वरून कापड टोपलीत घालून खाली सोडायचे."

मी बघितलं. एका खिडकीभोवती, वर, खाली, दोन्ही बाजूंना, हात पोचेल तिथवर रंगांचे चौकोन होते. एखादा वहीएवढा, एखादा उशीएवढा. एकही सरळ नाही. माझी पहिली नजर गेली ती कामावर.

"काय घाण काम केलंय," मी मेहुणीला म्हणालो. "ओघळ बघ. ब्रश डब्यात बुडवला आणि तसाच वर नेला. कडा बघ, मांजराने रंगवल्यासारख्या. तीनशे वर्षांपूर्वी का असेना, त्या माणसाला कोणी शिकवलं नाही."

मेहुणी तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला कळेना एवढं काय झालं. मग मला खिडकीतल्या कुंड्या दिसल्या.

त्या कुंड्यांना मी रोज सकाळी पाणी घालतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत हिने त्या अशा गच्च मांडल्या होत्या की कोणाला बाहेर डोकावता येऊ नये. मी कधी हलवायला गेलो की ओरडायची, कुंड्यांना हात लावू नका, मुळं दुखावतात. ही गेल्यावरही मी त्या हलवल्या नव्हत्या.

मी परत रंगांकडे बघितलं आणि एकेक ओळखीचा व्हायला लागला. तो निळा शाळेचा. त्याच्या शेजारचा तपकिरी बेकरीचा, पिठाचे डाग दिसू नयेत म्हणून मी त्यात राखाडी मिसळला होता. तो जांभळा बँकेच्या मॅनेजरच्या झोपायच्या खोलीचा. त्यांच्या बायकोने तो आठ दिवसांत बदलायला लावला होता, जगात उरला असेल तर इथेच. हिरवा वाचनालयाचा. खिडकीच्या अगदी खाली गुलाबी, आता सासरी असलेल्या आमच्या मुलीच्या खोलीचा, ती शाळेत जायला लागली तेव्हाचा. हरवलेला लांब दांडीचा ब्रशही मला आठवला. शेजाऱ्याने नेला असं समजून मी त्याच्याशी दोन वर्षं बोलत नव्हतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"मी तिचे पाय धरायचे," मेहुणी म्हणाली. "ती कुंड्या काढून खिडकीत अर्धी बाहेर, आणि मी आतून पाय धरून. खाली नदी. दरवेळी म्हणायचे, अगं पुरे, पडशील. ती म्हणायची, यांचा रंग सगळ्या जगाच्या घरात आणि माझ्या घरी नुसते रिकामे डबे. मला प्रत्येकातला थोडा पाहिजे."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ओघळ काढत बसला असता."

ते खरं होतं.

"भिंत भरली की तुम्हाला होडीतून दाखवणार होती," ती म्हणाली. "थोडीच जागा राहिली होती. दवाखान्यात कोणता लावताय ते तुमच्याकडून काढून घे म्हणून तिने मला सांगून ठेवलं होतं. तुम्ही काम संपेपर्यंत रंग सांगत नाही ना."

दुर्बीणवाले आजोबा भिंत नीट बघून म्हणाले, "तीनशे वर्षांत रंग किती टिकलाय, कमाल आहे." मी म्हणालो, "माल चांगला असला की टिकतो."

धक्क्यावर सगळे उतरून गेले. मी नावाड्याला विचारलं, "व्यापाऱ्याची गोष्ट तुला कोणी सांगितली?"

त्याने आधी मेहुणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही त्या घरचे का?"

"हो."

"मग तुमच्याशी खोटं कशाला. वहिनींनीच सांगितली. एकदा मी खालून ओरडलो, वहिनी, हे काय चाललंय? त्या वरून म्हणाल्या, कोणी विचारलं तर सांग तीनशे वर्षांचं आहे. व्यापारी त्यांचा. टोपली मी घातली." होडीची दोरी खुंटीला बांधत म्हणाला, "त्या रोज हात करायच्या. हल्ली दिसत नाहीत."

मेहुणीने त्याला सांगितलं. त्याने काठी आडवी ठेवली आणि डोक्याला बांधलेला रुमाल सोडून हातात घेतला. मग म्हणाला, "नगरपालिकेचे साहेब आले होते तेव्हाही मी तीच गोष्ट सांगितली. फार रंगवून सांगितली. काही घोळ झाला का?"

"नाही," मी म्हणालो. "घोळ झाला नाही."

सोमवारी साहेब आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "तुमचंच बरोबर. मी होडीतून बघून आलो. ती भिंत जुनी आहे, तिला हात लावू नये."

"बघा," साहेब म्हणाले. "मी सांगत होतो. आणि तुम्ही म्हणत होता गिलावा मी केलाय."

"माणसाचं वय झालं की काहीही आठवतं, साहेब."

ते खूश झाले. काम मी घेतलं. नदीच्या बाजूला शिडी लावता येत नाही, म्हणून नावाड्याची होडीच भिंतीखाली आणून तिच्यावर फळ्या बांधल्या. तो खाली होडी सांभाळायचा आणि वरच्या कामात खोट काढायचा. मेहुणी दुपारी खिडकीतून दोरीने टोपलीत डबा सोडायची. एकदा पाहुण्यांची होडी शेजारून गेली आणि त्यातला एकजण म्हणाला, बघा, टोपलीची पद्धत अजून आहे. नावाड्याने मान हलवून दुजोरा दिला. वकीलसाहेबांच्या पुठ्ठ्याच्या जागी मी काच बसवून घ्यायला लावली, नाहीतर रंग देणार नाही म्हणालो. शेजाऱ्याला ब्रशचं सांगून टाकलं. त्याने दोन दिवस भाव खाल्ला, मग चहा पाजला.

सगळी ओळ आता वाळूच्या रंगाची झाली आहे, मध्ये आमचं घर तेवढं ठिपक्यांचं. काम संपलं त्या दिवशी मी खिडकीतल्या कुंड्या काढून बाहेर वाकून बघितलं. डाव्या हाताला, पाइपाच्या अलीकडे, एका चौकोनाची जागा कोरी आहे. मेहुणी म्हणाली, तुम्ही म्हणाल त्या दिवशी पाय धरायला येते, पण ओघळ आले तर बोलायचं नाही. मी कुंड्या परत जागेवर ठेवल्या.

लिंबाचा डबा जिन्याखालीच आहे. तो अजून उघडायचा राहिला आहे.