पट्टीखालचा आकडा

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे, आणि मित्रांनो, माझं डोकं भयंकर तापलेलं आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

कोरोनात माझ्या मालकानं, गुणवंतानं, मला पांढुर्ण्याच्या मेडिकलमधून आणलं. तेव्हा काय माझा थाट! अख्खी गल्ली माझ्यात बोट घालायची. मी दोन आकडे दाखवतो: वर ऑक्सिजन, खाली नाडी. पण लोक खालच्यालाच ऑक्सिजन समजायचे आणि रडारड करायचे. म्हणून गुणवंतानं खालच्या आकड्यावर चक्क चिकटपट्टी लावली. साथ ओसरली, मी कपाटातल्या डब्यात गेलो. पट्टी तशीच राहिली.

मागच्या वर्षी त्याची दहावीतली मुलगी सायली तापानं आजारी पडली. ताप गेला, पण पोर उभी राहिली की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. शाळेच्या प्रार्थनेत कोसळली, जामसांवलीच्या मारुतीला दर्शनाच्या रांगेत कोसळली. गुणवंतानं मला काढून तिच्या बोटाला लावलं.

"अठ्ठ्याण्णव! काहीच नाही झालं तुले. नाटक करून राहिली."

"बाबा, खरंच मले उभं राहवत नाही."

"मग शाळा बंद. बस घरीच!"

मी पट्टीखालून बोंबलत होतो, अरे बाबा, खाली बघ ना! पण ऐकतो कोण? पोर उशीत तोंड खुपसून रडायची, आणि गुणवंता रोज मलाच तिच्याविरुद्ध साक्षीला उभं करायचा. राग येणार नाही तर काय?

शेवटी तिची आई यमुना भडकली. "हे पट्टी अजून काऊन ठेवली?" म्हणत तिनं ती नखानं खरडून काढली. सायली पडून होती तेव्हा नाडी ऐंशी. उभी केली, तर थोड्याच वेळात एकशे पस्तीस!

"आता सांगा, नाडी बी नाटक करते का?"

दुसऱ्याच दिवशी गुणवंता दोघींना आणि मला घेऊन नागपूरला गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सायलीला झोपवून, उभं करून नीट तपासलं. म्हणाल्या, "तापाच्या विषाणूशी लढणारी शरीराची फौज कधीकधी नाडी सांभाळणाऱ्या आपल्याच मज्जातंतूंवर उलटत असावी. संशोधन चालू आहे, पक्कं सांगता येत नाही. पण आजार खरा आहे."

ते ऐकून सायली ओक्साबोक्शी रडली.

आता ती शाळेत जाते, प्रार्थनेला खुर्चीवर बसते. अजून पुरती बरी नाही, आणि वाया गेलेलं वर्ष काही परत येत नाही. गुणवंता रोज खालचा आकडा आधी वाचतो. आता वाचतो! मित्रांनो, मला जपू नका, हवं तर फेकून द्या. पण ती खरं बोलत होती, हे कळायला तिच्या बापाला यंत्र का लागावं?