वायरमन आमदाराच्या खिशातला टेस्टर

मी टेस्टर बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय? इथे, खिशात! बोटभर लांबीची लोखंडी दांडी, पिवळी पारदर्शक मूठ आणि त्या मुठीच्या पोटात एक इवलासा दिवा, एवढाच माझा पसारा. मला वायरला टेकवून डोक्यावर अंगठा ठेवला आणि दिवा लागला, तर वीज आहे. नाही लागला, तर नाही. थापा मारायला मला जमतच नाही.

जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते माझ्या मालकांच्या खिशात. मालक वायरमन. त्यांची एक सवय मला फार खटकायची. कुठलीही वायर उघडण्याआधी ते मला चालू सॉकेटमध्ये घालून बघायचे. "आधी याची परीक्षा, मग वायरची," म्हणायचे. अहो, इतकी वर्षं सोबत आहे, तरी रोज परीक्षा! पण दिवा लागला की मूठ शर्टाला पुसून हसायचे, मग माझाही राग जायचा.

त्यांचा जोडीदार होता लंबू. एवढा उंच, की स्टूल न घेता छताचा पंखा उतरवायचा. एका दुपारी तो रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबावर चढला होता. खालचा स्विच बंद केलेला, मला वायरला लावून तपासलेलं, सगळं व्यवस्थित. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा स्विच कुणी पाडलाय?" आणि त्याने तो वर केलासुद्धा. लंबू खांबावरून खाली कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला.

"आपण तपासलं होतं रे," मालक दवाखान्यात पुन्हा पुन्हा म्हणत होते. मीही खरंच सांगितलं होतं. पण माझं खरं त्या घडीपुरतंच, नंतर कोण काय करेल ते मला कसं कळणार?

लंबू म्हणाला, "स्विचच्या पेटीला माझं कुलूप असतं आणि चावी माझ्या खिशात असती, तर मी आत्ता घरी चहा पीत असतो."

ते वाक्य मालकांच्या डोक्यात घर करून बसलं. जो खांबावर चढेल त्याचंच कुलूप आणि त्याच्याच खिशात चावी, असा कायदा झाला पाहिजे. मालकांनी वीज खात्यातल्या साहेबांकडे खेटे घातले. साहेब "बघू" म्हणायचे आणि खरंच नुसते बघायचे. शेवटी वस्तीतल्या लोकांनीच मालकांना निवडणुकीला उभं केलं. प्रचाराला कुणाच्या दारात गेले, की लोक म्हणायचे, "आलाच आहात तर जरा बेल बघता का?" की हे चढलेच स्टूलवर! सोबतचे कार्यकर्ते बिचारे रस्त्यात ताटकळत. पण निवडून आले, चांगले दणक्यात आले.

सभागृहाच्या दारातला शिपाई मला बाहेर काढून विचारायचा, "आमदारसाहेब, हे आत कशाला?" मालक म्हणायचे, "खिशात नसलं की मला उघडंउघडं वाटतं." तो हसून सोडायचा.

मग त्यांच्या भाषणाचा दिवस आला. मालक उभे राहिले आणि माइक बंद! दुसऱ्या कुणीही शिपायाला हाक मारली असती. मालकांनी मला काढलं आणि सरळ बाकाखाली शिरले. आत एक स्क्रू ढिला होता. आम्ही तो मन लावून आवळत बसलो. वर अध्यक्ष विचारत होते, "सन्माननीय सदस्य गेले कुठे?" आम्ही बाहेर आलो तोवर वेळ संपली होती. त्याच माइकवर शेजारचे आमदार खणखणीत आवाजात बोलले. कुलपाचा विषय पुढच्या अधिवेशनावर गेला.

घरी बाईसाहेबांनी ताट वाढता वाढता सुनावलं, "अहो, लोकांनी तुम्हाला माइक दुरुस्त करायला निवडून दिलंय का?" मालक खाली मान घालून जेवले. लंबूने मात्र सगळं ऐकून एवढंच विचारलं, "स्क्रू तरी नीट बसवलास ना?" आणि मग दोघं पोट धरून हसले. हसता हसता मालकांचे डोळे भरून आले. पुढच्या वेळीही हुकलं तर लंबूला तोंड कसं दाखवायचं, हीच त्यांची काळजी होती.

पुढच्या अधिवेशनाच्या सकाळी बाईसाहेबांनी सुईदोरा घेतला आणि मला आत ठेवूनच खिशाचं तोंड शिवून टाकलं. "भाषण होईपर्यंत उसवायचं नाही!"

मालक उभे राहिले. माइक खरखरला आणि बंद पडला. हात सवयीने खिशाकडे आला, टाक्यांवर थबकला. मला बाहेर यायची इतकी घाई झाली होती म्हणून सांगू! पण मालकांनी माइक बाजूला सारला आणि खांबावरून खालच्या माणसाला हाक मारायचे, तो आवाज काढला. लंबूची सगळी हकिगत सांगितली. मला धडधड ऐकू येत होती, कारण मी अगदी छातीवरच होतो. बोलणं संपलं तेव्हा दोन्हीकडचे सदस्य बाकं वाजवत होते. त्याच अधिवेशनात कायदा झाला.

आता मालक निवृत्त आहेत, मजेत आहेत. लंबूची मुलगी वीज खात्यात लागली. कामावर जायच्या पहिल्या दिवशी भेटायला आली, तेव्हा मालकांनी मला तिच्या हातावर ठेवलं.

"काका, माझ्याकडे नवा आहे की."

"असू दे. हा अनुभवी आहे."

तिनेही आधी माझी परीक्षा घेतली. या वेळी राग नाही आला. मग पेटीला कुलूप लावून ती खांबावर चढली. चावी खिशात माझ्या अंगाला लागत होती. थोड्या वेळाने खालून कुणीतरी कुलूप खडखडवलं, "अरे, हा स्विच कुणी पाडलाय?"

"मी!" ती वरून ओरडली. "चावी माझ्याकडे आहे!"

संध्याकाळी ती घरी आली. लंबू डाव्या हाताने दोन कपांत चहा ओततोय. बरं, आता पुरे करतो. बापलेक गप्पा मारतायत, मला ऐकायचंय.