पुलाचा नंबर बहात्तर

सुजानपुऱ्यात शब्दाला किंमत नाही, नंबराला आहे.

दिल्लीहून शटलने सव्वा तासावरचं हे गाव रेल्वेने जन्माला घातलं. आधी यार्ड आलं, मग क्वार्टर्स, मग भुसावळकडचे ड्रायव्हर, बंगाली कारकून, रोहतकचे फाटकवाले, आणि सगळ्यात शेवटी गाव. नगरपालिकेची पहिली बैठक वेटिंग रूममध्ये भरली. अध्यक्ष कोण, तर स्टेशनमास्तर. गाडी सोडण्याआधी त्या माणसाचं नुसत्या ‘फाटक बंद आहे’वर भागत नसे. फाटकवाल्याने फोनवर आपल्या तक्त्यातला दोन आकडी नंबर द्यायचा, मास्तरने तो परत म्हणून वहीत लिहायचा, मगच सिग्नल. नंबर दिला म्हणजे मान दिली. मास्तरने हीच रीत पालिकेत आणली आणि ती घराघरांत शिरली. नळ कधी येणार? नंबर द्या. लग्न नक्की? नंबर द्या. दिलेला नंबर फिरवलेल्या माणसाला सुजानपुऱ्यात कुणी चहा विचारत नाही.

ही रीत गिरिजा टीचर एकदाच विसरल्या. तीन वर्षांपूर्वी पालिकेचा चेअरमन सतपाल भर सभेत म्हणाला होता, रुळांखालचा उत्तरेकडचा भुयारी रस्ता बंद होणार नाही. सतपाल त्यांचा विद्यार्थी, सतराचा पाढा त्यांनीच घोटून घेतलेला. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘नंबर?’ म्हणालं, तेव्हा टीचरच उठून म्हणाल्या, “आपल्या मुलाकडे काय नंबर मागायचा.” पावसाळ्याआधी भुयाराच्या तोंडाशी भिंत उभी राहिली. त्या भिंतीवर शेणाच्या गोवऱ्या वाळत असतात आणि टीचर रोज त्या बघत जातात.

आता रूळ ओलांडायला उरला होता एकच लोखंडी, पायऱ्यांचा पूल. अलीकडे क्वार्टर्स, पलीकडे शाळा, दवाखाना, भाजीबाजार. पालिकेला तो पाडायचा होता, कारण नव्या टॉवरमध्ये राहायला येणाऱ्यांच्या मोटारींना रुंद रस्ता हवा. चालणाऱ्यांनी साडेतीन किलोमीटरचा वळसा घालावा. चालणारे म्हणजे कोण? ज्यांच्याकडे मोटार नाही ते, म्हणजे कुणीच नाही. आज रविवारी अकराला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये जनसुनावणी होती आणि जेसीबी सकाळपासूनच पुलाच्या पायथ्याशी उभा होता. निकाल आधी, सुनावणी नंतर.

“आत्या, तुझा हा नंबर कोर्टात टिकेल का पण?” भाची मैत्रेयीने विचारलं. ती दिल्लीच्या मयूर विहारहून खास आली होती, लॅपटॉपसकट. “मी ड्राफ्ट करून देते ना. बिल्कुल सॉलिड.”

“कोर्टाची तारीख पडेपर्यंत पूल भंगारात गेलेला असेल. तू फक्त वही धर.”

“पण नुसत्या नंबराने काय होतं यार?”

“भांडण होतं,” टीचर म्हणाल्या. “नंबर नसेल तर भांडायलाही जागा राहत नाही. मला विचार.”

हॉल गच्च भरला होता. पंखे फिरत होते, वारा कुणालाच लागत नव्हता. सतपालने माइक घेतला. नवा पूल मंजूर आहे, लिफ्टवाला. जुना पाडायचा तो सोयीसाठीच. आणि मग हात छातीवर ठेवून, “जुबान देता हूँ, नया बनने तक पुराना नहीं टूटेगा.”

टाळ्या वाजायला लागल्या. टीचर उठल्या. गुडघा कटकन वाजला.

“नंबर दे, सतपाल.”

टाळ्या थांबल्या.

“मॅडम, अपने चेले से नंबर?”

“चेले से ही. पिछली बार नहीं माँगा था.”

“सरकारी काम है, मॅडम. इसमें नंबर-वंबर नहीं चलता.”

“जेसीबी चलता है?” मागून एक बाई म्हणाली आणि हॉल हसला. सतपाल हसला नाही. त्याला या रीतीचा अर्थ माहीत होता, म्हणूनच तो घाम पुसत होता. त्याने घड्याळ पाहिलं, फाइल मिटली. तो निघणार हे टीचरना कळलं. मागच्या बाकावर बसणारी मुलं पळायच्या आधी अशीच दप्तर आवरतात.

टीचरनी मैत्रेयीच्या हातून वही घेतली, उघडली आणि फोन धरावा तशी मूठ कानाला लावली. स्टेशनमास्तर बोलायचा त्याच कोरड्या सुरात त्या म्हणाल्या, “फाटक नौ. लाइन पर आदमी हैं. बंदोबस्त बोलो.”

पुढच्या रांगेत खुर्चीवर रामफल बसला होता. सतपालचा बाप, वय ब्याऐंशी. फाटक नंबर नऊवर चौतीस वर्षं काढलेला माणूस, आणि पूल उभा होता तो नेमका त्याच्याच बंद झालेल्या फाटकाच्या जागी. सुनावणीभर तो पेंगत होता. ते वाक्य कानात शिरलं मात्र, म्हातारा काठी टाकून ताठ उभा राहिला.

“फाटक नौ से रामफल. बंदोबस्त पक्का. नंबर बहत्तर.”

“बहत्तर,” टीचर म्हणाल्या आणि लिहिलं.

सगळा हॉल उभा राहिला. बाकं सरकली, कुणीतरी शिट्टी घातली, बहत्तर बहत्तर अशी लाट दारापर्यंत जाऊन परत आली. लॅपटॉप कुठे ठेवला ते मैत्रेयीला आठवत नव्हतं.

“बाबूजी, चेअरमन मैं हूँ,” सतपाल दबक्या आवाजात म्हणाला. “आपका नंबर कैसे लगेगा?”

“जिसका फाटक, उसका नंबर,” म्हातारा म्हणाला. “चौंतीस बरस में एक बी वापस ना लिया. तू ले के दिखा.”

सतपालने कान खाजवला. वर्गात उत्तर येत नसलं की तो असंच करायचा. शेवटी त्याने वही ओढून घेतली आणि बापाच्या आकड्याखाली सही केली, इतकी दाबून की पान फाटलं.

सगळा घोळका पुलाकडे निघाला. बायकांनी घरांतून खडू आणले आणि त्या खांबाखांबावर ७२ लिहीत सुटल्या. जेसीबीवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “साहब, शुरू करूँ?”

“नंबर लग गया है,” सतपाल त्याच्याकडे न बघता म्हणाला. “हटा ले.”

जेसीबी टूं टूं करत मागे गेला. मैत्रेयी म्हणाली, “आत्या, उद्या फिरला तर?”

“तर भांडू. आता वहीत आहे.”

टीचर पुलाच्या जिन्याला लागल्या. भाजी एकदाच आणायची होती. पुलावरून मात्र त्या तीनदा जाऊन आल्या.