उशीसकट गाडी

नाथाजीने अठ्ठावीस वर्षं फौजेत ट्रक चालवले. बर्फात चालवले, वाळूत चालवले, पण स्वतःच्या नावावर चार चाकं म्हणून कधी काही नव्हतं. साठी उलटली आणि या माणसाच्या डोक्यात मॉरिस शिरली. गोल पाठीची, हिरवी, सत्तर वर्षांपूर्वीची छोटी मॉरिस मायनर. सांगलीच्या विश्रामबागेतल्या शेजाऱ्यांनी समजावलं की अहो, म्हातारीशी लग्न कशाला लावताय, चांगली नवी बघा. हौसेला मोल नसतं म्हणतात. फौजीच्या हौसेला तर ब्रेकही नसतो. नाथाजी बायकोला, रंगूबाईला, घेऊन एसटीने साताऱ्याला गेला.

गाडीचे मालक नानासो पंच्याऐंशीचे, जुने कंत्राटदार, दोन वर्षांपूर्वी बायको गेलेली. घरात एकटेच. त्यांनी गाडी पुसून अंगणात उभी केली होती. कागदपत्रं झाली, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मग नानासो डाव्या सीटपाशी वाकून तिथली उशी काढायला लागले. जुन्या लुगड्याची शिवलेली, मधे बसून बसून खोलगट झालेली उशी. त्यांच्या बायकोची, मुक्ताबाईंची.

"जनावर इकलं तरी दावं कुणी देत न्हाई, नाथाजीराव," ते म्हणाले. "गाडी तुमची. उशी माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

नाथाजी शेतकऱ्याच्या पोटचा. बैल विकल्यावर त्याचा बाप दावं सोडून खांद्यावर टाकून घरी यायचा, हे त्याने लहानपणी दहादा पाहिलेलं. दावं दिलं तर जनावराबरोबर घरचं काहीतरी जातं, असं बाप सांगायचा. पण फौजेत माणूस एक गोष्ट पक्की शिकतो, ती म्हणजे सामान मोजून घ्यायचं. डाव्या सीटची स्प्रिंग बसलेली होती, उशी तिथे मापात शिवलेली होती. उशीशिवाय गाडी अपुरी आहे असं त्याने धरलं. बैल न्हवं नाना, मशीन हाय, असं हसून बोलला. नानासोंनी उशी सोडली. इतकंच. त्यांनी भांडायला हवं होतं, असं नाथाजीला पुढे किती वेळा वाटलं.

रंगूबाईला गाडी लागायची. एसटीत लिंबू हुंगत बसायची, मोटारीत तर कराडपर्यंतही धीर धरायची नाही. त्या दिवशी उशीवर बसली आणि सांगलीपर्यंत एकदाही कसंनुसं झालं नाही. उलट इस्लामपूरच्या पुढे गाडी आचके द्यायला लागली, तेव्हा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, की चोक आत ढकला, लय वेळ वढून ठेवलाय. नाथाजीने ढकलला. गाडी सुरळीत झाली. चोक म्हणजे काय हे हिला कुणी सांगितलं, असा विचार त्याला आला, पण नव्या गाडीच्या आनंदात माणूस काय काय कानामागे टाकतो.

पुढचे आठ दिवस बरे गेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे आठच मिळाले. रोज संध्याकाळी पाच वाजता रंगूबाई केस विंचरून, हातात पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसायची. आधी नाथाजीला कौतुक वाटलं. ही बाई कधी फिरायला म्हणून बाहेर पडली नव्हती. मिरजेच्या पुढे पूर्वेला जो रस्ता कवठे महांकाळकडे जातो, त्या फाट्यापर्यंत तो जायचा आणि गाडी वळवायचा. वळवताना ती रोज रडायची. आवाज न करता, पदर डोळ्यांना न लावता. एकदा तिने विचारलं, मालक, रोज हितनंच का परत फिरताय? अडतीस वर्षांच्या संसारात रंगूबाईने त्याला मालक म्हटलं नव्हतं.

सुरुवातीला हे परकं वागणं घराच्या फाटकापर्यंतच टिकायचं. गाडीतून उतरली की पुन्हा आपली रंगूबाई. मग जेवणापर्यंत टिकायला लागलं. मग एका सकाळी ती आपल्याच स्वयंपाकघरात मधोमध उभी राहिली आणि परक्या घरी आल्यासारखं हळू आवाजात विचारलं, "काडेपेटी कुटं ठेवत्यात हितं?"

नाथाजी तडक गाडीपाशी गेला. त्याने उशी उचलली आणि गच्चीवर नेऊन टाकली. दुपारी बघतो तर रंगूबाई घरात नाही. गच्चीवर भर उन्हात उशी अंथरून, हात मांडीवर ठेवून ती रस्त्याकडे बघत बसली होती, गाडीत बसावं तशी. तापलेल्या फरशीने पाय लाल झाले होते. त्याने हाताला धरून खाली आणलं तर तिने हात सोडवून घेतला, परपुरुषाचा सोडवावा तसा. तो घाबरला. युद्धाच्या वेळी घाबरला नव्हता एवढा घाबरला. गाडी गेली खड्ड्यात, आपल्याला आपली बायको परत पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं.

त्याने नानासोंना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं. मग म्हाताऱ्याने सांगितलं. मुक्ताबाईंचं माहेर कवठे महांकाळच्या अलीकडच्या वाडीत. लग्नातल्या मानापमानावरून नानासोंनी त्या उंबऱ्यावर पाय न ठेवायची शपथ घेतलेली. कामं सगळी मिरज-सांगलीला, बायको कायम शेजारी, आणि दर वेळी तिचं एकच मागणं. दर वेळी त्यांनी फाट्यावरून गाडी वळवली. पुढच्या खेपेला जाऊ, म्हणायचे. चाळीस वर्षं म्हणाले. शेवटी तिथेच, गाडी वळवता वळवता, त्या उशीवर तिचा जीव गेला.

"माज्याकडं असती तर निदान माज्या घरात बसून ऱ्हायली असती," नानासो म्हणाले. "आता तुमीच न्या तिला."

नाथाजीने फोन ठेवला आणि त्याला आपलेच शब्द आठवले. पुढच्या सुट्टीला जाऊ. रंगूबाईचं माहेर विट्याजवळचं. भाऊ सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात दक्षिणेला पांगलेले, जत्रेला तेवढे घरी यायचे. त्या जत्रेला तिला न्यायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी ऊस, पाणी, भरती, बदली असं काहीतरी आडवं यायचं. बाई पुन्हा विचारायची नाही, म्हणून त्याला ते कधी खुपलं नाही. आता खुपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने उशी जागेवर ठेवली. ती बसली. फाट्यावर आल्यावर त्याने गाडी वळवली नाही, तेव्हा तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. पुढचा रस्ता तीच सांगत गेली. बाभळ आली की उजवीकडं, ओढा उतरला की देऊळ. ओढ्यावर आता पूल होता, ते बघून ती गोंधळली, मग हसली.

वाडीत मुक्ताबाईंची धाकटी बहीण मनुबाई होती. ऐंशीची, डोळ्यांनी अधू, नवरा लवकर गेल्यावर माहेरीच राहिलेली. मोटारीचा आवाज ऐकून ती कुणी काही सांगायच्या आत भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. आलीस का गं मुक्ते, एवढंच बोलली. रंगूबाईवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. दाराची चौकट बुटकी होती. पहिल्यांदाच आलेल्या नाथाजीचं डोकं तिला आपटलं. रंगूबाई मात्र नेमकी वाकून आत गेली.

नाथाजी ओसरीवर बसला. इच्छा पुरी झाली की जीव सुटतो, हे त्याने सगळ्यांकडून ऐकलं होतं. आत दोघी बहिणी बोलत होत्या, हसत होत्या. हुलग्याचं माडगं झालं, जेवणं झाली. आता ती जाईल आणि आपली आपल्याला मिळेल, असं मनाला समजावत तो उठला आणि म्हणाला, चल रंगू.

तिने पदर सावरला. अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"पाव्हणं, तुमी व्हा फुडं," ती म्हणाली. "मी ऱ्हाते."

त्या डोळ्यांत त्याने आपली बायको शोधली. तिथे ती नव्हती. मग न्यायला कधी येऊ, असं त्याने मनुबाईला विचारलं. 

"लेक म्हायेराला आली, तर परत कवा जानार असं कुनी इचारतंय व्हय?" मनुबाई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

पाय ओढत तो गाडीत येऊन बसला. शेजारची उशी हळूहळू दबत गेली, कुणी अंग सैल सोडून टेकावं तशी. मग आवाज आला. अडतीस वर्षांचा, ओळखीचा.

"आवं."

नाथाजीच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच वेळी त्याला रडूही फुटलं. अगं तू हितं, मग आत कोण, असं तो काहीबाही बोलत राहिला. आत जा, तुझं अंग तुझं तू घे, म्हणून त्याने रिकाम्या सीटला हात जोडले. ती शांत होती. मुक्ताबाईंनी अंगाचं दार आतनं लावून घेतलंय, म्हणाली, आणि लय वर्षांनी आल्यात, बसू द्या.

"तवर मला इट्याला न्या," ती म्हणाली. "गाडी तर आता आपली हाय."

त्याने गाडी सुरू केली. दुपारभर तो चालवत होता. ती शेजारी लहानपणीच्या गोष्टी सांगत होती. कुठल्या विहिरीत पोहायला शिकली, कुठल्या भावाने कान पिळला होता. त्याने यातलं कधी काही ऐकलं नव्हतं. वाटेत चहाला थांबला तेव्हा टपरीवाला एकट्याशीच बोलणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत राहिला. उन्हं कलली तेव्हा विट्याच्या अलीकडे तिच्या गावची कमान दिसली.

"थांबवा," ती म्हणाली. "हितंच उतरते. घर दिसतंय बगा."

नाथाजीने ब्रेकवर पाय ठेवला. गाडी कमानीखाली जवळजवळ थांबलीच. डाव्या दाराची कडी आपोआप वर व्हायला लागली. अंग तिकडे वाडीत राहिलं, आणि आता ही इथे उतरली तर हिला परत कधी येणार म्हणून कुणी विचारणार नाही, आपणही नाही. घरी स्वयंपाकघरात काडेपेटी कुठे ठेवतात हे सांगायलाही कुणी असणार नाही. त्याने हात लांबवून कडी खाली दाबली आणि दाबून धरली.

"आज लय उशीर झालाय, रंगू," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला उतरू."

शेजारी उशीवर कुणीतरी आवाज न करता रडायला लागलं. नाथाजीने समोर बघत गाडी वळवली.